गाडी मागच्या सीटवरून निवडा

पत्र:

"ताई, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. वय ४१, उंची पाच फूट सहा. बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतंय. सध्या जुनी स्प्लेंडर हाय. आता पोरं मोठी झाली, हप्ता झेपतोय, तर जरा मोठी गाडी घ्यावी म्हणतोय. रॉयल एनफील्डची मीटिओर ३५० आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स या दोघींवर येऊन अडलोय. मीटिओरचं इंजिन ३४९ सीसी, आवाज भारी, बसायला सोफ्यासारखी. शोरूमवाला म्हणाला, लांब जायचं तर क्रूझरच, म्हणजे मीटिओर. कामावरचा मित्र म्हणतोय, टूरिंगची घे, व्ही-स्ट्रॉम, अडीचशे सीसीची असली तरी जास्त पळते. स्प्लेंडर विकून डाऊन पेमेंट भरणार आहे. कोल्हापूरला मेहुण्याच्या नावावर घेतली तर टॅक्स बराच वाचतो म्हणतात, ते खरं काय? रविवारी गोवा, आंबोली, वर्षातनं एकदा सौंदत्तीची यल्लम्मा, जमलं तर गोकर्ण, एवढंच फिरणं. घरात आई आहे, तिला दवाखान्याला न्यावं लागतं. मिसेस मागं असतात, त्यांच्या कमरेला जरा त्रास हाय. काय घेऊ, सांगा की."

उत्तर:

दादा,

तुमच्या पत्रात इंजिन आलं, आवाज आला, टॅक्स आला, मेहुणे आले आणि अगदी शेवटी वहिनींची कंबर आली, तीही 'जरा' लावून. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमचा निर्णय त्या कमरेवरच ठरायचा आहे.

निकाल आधी सांगून टाकते. व्ही-स्ट्रॉम घ्या. पण दोन अटी आहेत. वहिनींनी दोन्ही गाड्यांवर मागे बसून खराब रस्त्यावर फेरी मारलेली असली पाहिजे आणि स्प्लेंडर घरातून हलता कामा नये. फेरी मारून आल्यावर वहिनी म्हणाल्या की मीटिओरच बरी, तर मीटिओर घ्या, वाद घालू नका, आणि खाली मी जे काही लिहिलंय त्यावर काट मारा. मेहुण्यांच्या नावावर गाडी? अजिबात नको.

आता शोरूमवाल्याचं बोलणं. तो अगदीच खोटं बोलला असं नाही. क्रूझर हा आकार अमेरिकेत घडला. तिथे गाव मागे पडलं की रस्ता तासन्‌तास नाकासमोर जातो. बुटकी सीट, पुढे टाकलेले पाय, हाताशी येणारं हँडल, मिनिटाला कमी फेऱ्या घेऊनही ओढणारं इंजिन. एका लयीत, एका वेगात जायचं असेल तर यासारखं सुख नाही. आपल्याकडे ही ऐट बजाज-कावासाकीच्या एलिमिनेटरने २००१ मध्ये आणली, २००५ मध्ये आलेल्या ॲव्हेंजरने ती गल्लीबोळात पोचवली, आणि क्रूझर म्हणजे लांबचा प्रवास हे डोक्यात बसवायचं काम जाहिरातींनी केलं. त्याआधी आपली माणसं लांब जात नव्हती असं थोडंच आहे? म्हैसूरला बनणारी येझदी घ्या नाहीतर बुलेट घ्या, त्यांच्यावर बसून माणसं पंढरपूरला गेली, गोव्याला गेली, आणि आपण 'टूरिंग' करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पण दादा, तसा नाकासमोरचा रस्ता तुमच्या वाट्याला कुठे आहे? आपल्या भागात तो एकच, पुणे-बेंगळुरू हायवे. त्यावरही निपाणीजवळ तवंदीचा घाट आहे, बेळगाव यायच्या आधी वंटमुरीचा घाट आहे. आणि तुमच्या यादीत तर हा हायवे जवळपास नाहीच. तुमच्या यादीत आहेत घाट, गोव्याला उतरणारा चोर्ला आणि आंबोली. तुम्ही राहताच चोर्ल्याच्या वाटेवर. जांबोटी सोडली की झाडी दाटते, कणकुंबीला मलप्रभेचा उगम, पुढे घाट उतरून साखळी. पावसाळ्यात त्या रस्त्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. लाल पाण्याने भरलेलं डबकं वीतभर खोल आहे की हातभर, हे चाक आत गेल्यावरच कळतं.

अशा रस्त्यावर बसण्याची ढब महत्त्वाची ठरते. पाय पुढे असले की धडाचा सगळा भार माकडहाडावर आणि कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. खड्डा आला की पाय काही मदत करू शकत नाहीत, कारण ते अंगाखाली नसतातच. फूटरेस्ट अंगाखाली असले की माणूस आपोआप दोन बोटं वर उचलला जातो, दणका गुडघे खातात, पाठ वाचते. वेळ पडली तर फूटरेस्टवर उभं राहून एखादा वाईट पट्टा काढता येतो. क्रूझरवर ते जमत नाही, जमलंच तर बघणाऱ्याला हसू येतं. शोरूममध्ये पाच मिनिटं बसल्यावर सोफ्यासारखं वाटलं ते खरंच आहे. सोफ्याखाली रस्ता नसतो, एवढाच फरक.

मीटिओरवर अन्याय नको म्हणून हेही सांगते. ती अर्धीमुर्धी क्रूझर आहे. पाय पुढे आहेत, पण अमेरिकन गाड्यांइतके पसरलेले नाहीत. लांबलचक क्रूझर घाटात वळत नाही ही तक्रार तिला लागू नाही. उलट दोन्ही चाकांमधलं अंतर तिचं १४०० मिलिमीटर आणि व्ही-स्ट्रॉमचं १४४०. तेव्हा मित्राने 'क्रूझर घाटात वळणार नाही' म्हणून घाबरवलं असेल तर तेवढं मनातून काढून टाका.

आता डबलसीट.

मी आयुष्यातली बरीच वर्षं मागे बसून काढली आहेत, हँडल हातात नंतर आलं, म्हणून हे जरा हक्काने सांगते. मागे बसणाऱ्याची खरी अडचण गादी मऊ की कडक ही नसते. त्याला पुढचं दिसत नाही, ही असते. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो नकळत पोट आत घेतो, बूड उचलतो, हात घट्ट करतो. मागच्याला खड्डा कळतो तो खड्ड्यातच. न सांगता आलेला तो दणका दुखऱ्या कमरेला सगळ्यात वाईट. चांगल्या रस्त्यावर शंभर किलोमीटर गेल्याने जे होत नाही ते गावाच्या वेशीवरच्या एका गतिरोधकाने होतं. आणि आपल्याकडे गतिरोधक कुठे, किती उंच, पांढरे पट्टे आहेत की नाहीत, हे त्या त्या गावाच्या मर्जीवर.

म्हणून पहिली गोष्ट बघायची ती ही: मागे बसल्यावर वहिनींना तुमच्या खांद्यावरून रस्ता दिसतो का? टूरिंगच्या गाड्यांवर मागची बैठक बरीच वर असते, त्यामुळे बहुतेक वेळा दिसतो. क्रूझरवर मागच्या माणसाला समोर दिसतं ते तुमचं हेल्मेट. वर बसण्याचे तोटेही आहेत. वारा जास्त लागतो, चढता-उतरताना पाय उंच टाकावा लागतो. पण ज्याला गतिरोधक आधी दिसतो त्याची कंबर निम्मी वाचते, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं, मागची बैठक मागच्या चाकाच्या कितपत वर येते ते बाजूला उभं राहून बघा. गाडीचा मधला भाग शांत असतो, चाकाच्या डोक्यावर बसलेल्या माणसाला प्रत्येक उडी पुरी मिळते. क्रूझरवर चालवणाऱ्याची सीट ऐसपैस करायच्या नादात मागच्याला उरलेली जागा मिळते, ती मागे सरकलेली आणि आखूड. बॅकरेस्ट लावला की मागचा माणूस सरकत नाही, पिकअप घेताना धीर येतो, याबद्दल वाद नाही. पण त्याची कड नेमकी दुखऱ्या जागी टेकत असेल तर आधाराचाच त्रास होईल. आपल्याला पाठीमागे उभं राहून ते दिसत नाही, वहिनींना बसून कळेल. गुडघे किती दुमडतात तेही त्यांनीच सांगायचं. तासाभराने गुडघा बोलायला लागतो.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही: वहिनी साडीत एका बाजूला बसतात की ड्रेसवर दोन्हीकडे पाय टाकून? एका बाजूला बसलं की कंबर पिळलेलीच राहते, मग गाडी कुठलीही असो. गावातल्या गावात चालेल. चोर्ला उतरून गोव्याला जायचं असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, यात तडजोड नको. ओढणी असेल तर बांधून, खोचून. साडी गार्ड ही गाडीची शोभा घालवणारी वस्तू नाही. मागच्या माणसासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाला आडोसा हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये, लिहिलेलं आहे. नवी गाडी आणली की पहिल्याच आठवड्यात साडी गार्ड काढून माळ्यावर टाकणारे बहाद्दर असतात. तुम्ही त्यांतले होऊ नका.

आणि एक विचारते, रागावू नका. 'जरा त्रास' म्हणजे काय? नुसती कंबर अवघडते, की पायात मुंग्या येतात, पाय बधिर होतो? दुसरं असेल तर गाडी निवडायच्या आधी डॉक्टर. मणक्याची नस दबलेली असेल तर क्रूझर काय नि टूरिंग काय, दोन्ही सारख्याच वाईट. तसं निघालं तर गोव्याला लोंढा-कॅसलरॉकवरून रेल्वे आहे, दूधसागर दिसतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

आता कागदावरचे आकडे, कारण तुमचा अर्धा जीव त्यात अडकलाय हे मला कळतंय. मीटिओरचं वजन १९१ किलो, व्ही-स्ट्रॉमचं १६७. सीटची उंची मीटिओरची ७६५ मिलिमीटर, व्ही-स्ट्रॉमची ८३५. जमिनीपासूनची मोकळी जागा १७० आणि २०५. टाकी १५ लिटर आणि १२ लिटर. ताकद मीटिओरची २० बीएचपीच्या आसपास, व्ही-स्ट्रॉमची २६ च्या. म्हणजे मित्र म्हणतो ते बरोबर, अडीचशेची असून पळायला जास्त. पण ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात, तिच्यात मीटिओर पुढे: २७ न्यूटन मीटर, तेही इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या घेत असताना. व्ही-स्ट्रॉमची २२ च्या जवळ, आणि त्यासाठी इंजिनाच्या फेऱ्या बऱ्याच वर न्याव्या लागतात.

चोर्ला चढताना याचा अर्थ असा होतो. डबलसीट मीटिओर वरच्या गिअरमध्ये गुमान चढत राहील. व्ही-स्ट्रॉमला एक गिअर खाली टाकून इंजिन जरा ओरडू द्यावं लागेल. स्प्लेंडरवरून येणाऱ्या माणसाला पहिले काही दिवस वाटेल, ही गाडी ओढतच नाही. ओढते, फक्त फेऱ्या मागते. सवय होते. ज्यांना सारखे गिअर बदलायचा कंटाळा आहे त्यांना मात्र मीटिओर जास्त आवडते, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. हायवेवर गणित उलटतं. नव्वदच्या पुढे व्ही-स्ट्रॉम सहाव्या गिअरमध्ये मोकळी असते, मीटिओरला पाचच गिअर, आणि ऐंशीच्या आसपास ती सगळ्यात सुखी. ऐंशीनेच जाणार असाल तर हा मुद्दाही निकालात निघाला.

वजनातल्या २४ किलोंचा फरक पळताना कळत नाही. तो कळतो अंगणातून गाडी मागे ढकलताना, पावसात चिखलात रुतलेली गाडी स्टँडवरून काढताना, आणि उतारावर तोंड करून लावलेली गाडी परत वर घेताना. तुमच्याकडचे पावसाळ्यातले अंगण आणि उतार माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आता उंची. इथे माझ्या सल्ल्याची बाजू लंगडी आहे, ते उघड सांगते. पाच फूट सहाला ८३५ ची सीट म्हणजे दोन्ही पाय सपाट टेकणार नाहीत. चवडे टेकतील, किंवा जरा एका बाजूला सरकून एक पाय पुरा टेकेल. मीटिओरवर दोन्ही टाचा आरामात जमिनीवर. स्प्लेंडरचीही सीट बेतास बात, त्यामुळे तुम्हाला पाय टेकायची सवय आहे. गाडी हलकी असल्याने चवड्यावर सांभाळता येते, आणि वहिनी बसल्या की मागचा शॉकॲब दबून गाडी थोडी खाली येते. तरीही शिस्त हवी. वहिनींनी चढायचं ते तुम्ही 'बसा' म्हटल्यावर, दोन्ही हातांनी ब्रेक आणि हँडल घट्ट असताना, तुमच्या खांद्याला धरून, डाव्या बाजूने. उतरतानाही तुम्ही सांगितल्याशिवाय नाही. रस्त्याच्या कडेला बारीक खडी असते तिथे थांबू नका, चार पावलं पुढे डांबरावर थांबा. दुचाकीवरून पडणारी बरीच माणसं वेगात पडत नाहीत, अशी उभ्या जागी पडतात.

फेरी मारून बघितल्यावर तुमचाच पाय थरथरतो, धीर होत नाही, असं वाटलं तर तेही उत्तरच आहे. मग मीटिओर घ्या आणि मागच्या शॉकॲबची घट्टी दोघांच्या वजनाप्रमाणे लावून घ्या. हे काम दोन्ही गाड्यांवर होतं, आणि कुणीच करत नाही. गाडी शोरूममधून येते ती एका माणसाच्या हिशोबाने लावलेली. दोन माणसं आणि बॅग घेऊन निघालं की शॉकॲब तळाला टेकतो आणि लोक म्हणतात, गाडीचं सस्पेन्शनच भिकार. सर्व्हिसला गेल्यावर सांगा, डबलसीटसाठी लावून द्या. टायरची हवाही डबलसीटला मागच्या चाकात वेगळी असते, पुस्तकात दिलेली असते. दोन्ही गोष्टींना एक पैसा लागत नाही.

स्प्लेंडरकडे येते. ती विकू नका, हे मी पुन्हा लिहिते कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग बेत तोच आहे. हिशोब करा. रोज पन्नास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १२५० किलोमीटर. स्प्लेंडर साठचं ॲव्हरेज देत असेल तर २१ लिटर. नवी गाडी, दोघींपैकी कुठलीही, पस्तीसच्या आसपास देईल, म्हणजे ३६ लिटर. पंधरा लिटरचा फरक, शंभराच्या भावाने दीड हजार रुपये महिन्याला, वर्षाला अठरा हजार. वर मोठे टायर, चेन सेट, सर्व्हिस हे वेगळंच. जुन्या स्प्लेंडरचे येऊन येऊन किती येणार? ते पैसे नवी गाडी पेट्रोलमध्येच खाऊन टाकेल. शिवाय आईंचं काय? त्या लुगड्यात एका बाजूला बसणार. मीटिओरवर एक वेळ जमवतील, व्ही-स्ट्रॉमच्या मागच्या सीटवर चढायला त्यांना पायरी लागेल. त्यांच्यासाठी स्प्लेंडरइतकी शहाणी गाडी नाही. कामाला आणि दवाखान्याला स्प्लेंडर, घाटाला नवी. डाऊन पेमेंट कमी पडत असेल तर चार महिने थांबा, पण दारातली ती गाडी राहू द्या.

आणि हो, कुणी म्हणेल एवढे घालतोच आहेस तर अजून थोडे घाल आणि साडेचारशेची हिमालयन घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. तुमच्या दोन्ही गाड्या अलीकडच्या बाजूला आहेत. तिथेच राहा.

आता मेहुणे. टॅक्सचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे, कर्नाटकात एवढ्या किमतीच्या दुचाकीला आजीवन कर महाराष्ट्रापेक्षा जड पडतो. म्हणून आपल्या भागात एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या पाट्या लावून वर्षानुवर्षं फिरणाऱ्या गाड्या दिसतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे टॅक्स चुकत नाही, पुढे ढकलला जातो, आणि मध्ये कुठल्या तरी चौकात वर्दीतल्या माणसापुढे 'पाहुण्यांची गाडी हाय साहेब' म्हणत उभं राहावं लागतं. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडे पाटी बघून गाडी अडवणारे निघतात, ते आणखी वेगळं.

याहून मोठी गोष्ट विम्याची. दुचाकीच्या विम्यात पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते गाडीच्या मालकाला, तो स्वतः चालवत असताना. मालक मेहुणे आणि चालवणारे तुम्ही, तर तुमचं काही बरंवाईट झालं की वहिनींच्या हातात त्यातला एक रुपया येणार नाही. चार पैसे वाचवायच्या नादात हे होऊ देऊ नका. गाडी तुमच्या नावावर, पाटी केए-२२ ची, म्हणजे आपल्या बेळगावची.

फेरी कशी मारायची ते सांगते, कारण शोरूमवाले तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावरून एक वळसा घालून आणतील. दोन्ही गाड्यांसाठी एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, वहिनींना मागे घेऊनच जा. बेळगावात टिळकवाडीतलं रेल्वे गेट ओलांडा, रुळांवरून जाताना मागचा शॉकॲब काय लायकीचा आहे ते दोन सेकंदांत कळतं. मग दोन-चार चांगले उंच गतिरोधक शोधा, ते शोधावे लागणार नाहीत म्हणा. एकदा चढावर थांबून परत गाडी काढा. सगळं झाल्यावर तुम्ही काही बोलू नका. तुमचा कौल कुठे आहे हे वहिनींना तुमच्या चेहऱ्यावरून कळलं तर त्या तुमच्या मनासारखंच सांगतील, बायका बऱ्याचदा तसंच करतात. घरी जाऊन, रात्रीचं जेवण झाल्यावर विचारा, कमरेला कुठली बरी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचारा. दणका कधी कधी सकाळीच उठतो.

रस्त्याबद्दल थोडं. हेल्मेट दोघांना, आणि तोंड झाकणारं. कर्नाटकात मागच्यालाही सक्ती आहे म्हणून डोक्यावर ती अर्धी टोपी ठेवणारे बघते तेव्हा मला वाटतं की दंड वाचला, डोकं वाचवायचं राहूनच गेलं. दर तासाला थांबायचं, वहिनींनी मागितलं नाही तरी. खड्डा दिसला की तोंडाने 'खड्डा' म्हणायची सवय लावा, फुकटचं औषध आहे. दोन्ही गाड्यांचे टायर ट्यूबलेस आहेत, पंक्चर किट आणि छोटा पंप सीटखाली किंवा बॅगेत असू द्या, कणकुंबीच्या जंगलात मध्यरात्री दुकान उघडं नसतं, दुपारीही नसतं. ऊस तोडणी सुरू झाली, म्हणजे दिवाळीच्या पुढे-मागे ते होळीपर्यंत, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीकडे अंधार पडल्यावर डबलसीट जाऊ नका. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि शेतातून आलेल्या चाकांची काळी माती रस्त्यावर पसरलेली. तिथे ना क्रूझर कामाची ना टूरिंग. आणि गोव्याहून परतताना टाकी तिकडेच भरून घ्या, पेट्रोल स्वस्त पडतं, एवढी चैन करायला हरकत नाही.

सौंदत्तीला जाणार असाल तर पौर्णिमा टाळा असं मी म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आई पौर्णिमेलाच पाठवणार. मग निदान गाडी डोंगराखाली लावा. क्लच दाबून, सोडून, बैलगाड्यांच्या आणि माणसांच्या गर्दीत चवड्यांवर गाडी सांभाळत वर जाण्यात काही पुण्य नाही.

एक शेवटचं राहिलं. गाडी बहुतेक तुम्ही दसऱ्याला नाहीतर पाडव्याला घेणार. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, पोरं घाईत गाड्या बाहेर काढत असतात. पूजा मुहूर्तावर करा, पण दोन-तीन दिवस आधी, उजेडात जाऊन गाडी तपासा: चेसिस नंबर कागदाशी जुळतो का, मीटरवर किती किलोमीटर पडलेत, टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते कुठलं, साडी गार्ड आणि मागची दांडी बसवलेली आहे का. जाताना वहिनींना घेऊन जा, आणि मागच्या शॉकॲबची घट्टी तिथेच, त्यांना बसवून, लावून घ्या.